रांगण्याच्या ओढ्याकाठचे आठजण

त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला एक कागद अडकवलेला होता. आठ नावं, प्रत्येकाचा रक्तगट, घरचा एकेक नंबर, गाडीचा नंबर आणि भटवाडीत ज्यांच्या अंगणात गाडी लावायची त्या मामांचा नंबर. खाली तीन वेळा: कुठंही असा, १ वाजता माघारी फिरायचं, ५ ला गाडीपाशी, ७ च्या आत कोल्हापूरला फोन. आमच्या ग्रुपचा हा जुना रिवाज आहे. प्रत्येक ट्रेकला एकानं घरी थांबायचं आणि कागद सांभाळायचा. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून हे काम बहुतेक माझ्याकडंच येतं.

रात्री उशिरा का होईना, आठहीजण परत आले. एकाच्या उजव्या हाताला साप चावला होता आणि एकाचं मनगट मोडलं होतं. पुढं महिनाभर ग्रुपमध्ये या दिवसावरून वाद चालला. ज्याला विचारावं त्याची गोष्ट वेगळी. शेवटी मी एकेकाला स्वतंत्र गाठून बोललो, फोनमधल्या फोटोंवरच्या वेळा जुळवल्या आणि हे लिहून काढलं. नावं मुद्दाम घातलेली नाहीत. माझीही चूक यात आहे, ती तिच्या जागी येईलच.

ठिकाण

रांगणा किल्ला भुदरगड तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाट आणि कोकणाच्या सीमेवर आहे. गारगोटी, पाटगाव करत गाडी भटवाडीपर्यंत जाते. पुढं चिक्केवाडीच्या बाजूनं रानातून तीन-साडेतीन तासांची चाल. पलीकडून, कुडाळ तालुक्यातल्या नारूरमधूनही एक वाट चढते. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर गगनबावड्याला ५,००० च्या वर. रांगणा त्याच घाटमाथ्यावर येतो. वर जांभ्याचे सडे, म्हणजे लाल दगडाची उघडी पठारं, असल्यामुळं पडलेलं पाणी मुरायच्या आधीच वाहायला लागतं. तुम्ही उभे आहात तिथं ऊन असतं आणि समोरचा ओढा लाल होऊन येतो.

आपल्याला हे रान परसदारासारखं वाटतं, आणि मला वाटतं, खरा घोटाळा इथंच आहे. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ सालचं, शाळेच्या सहलीत निम्म्या कोल्हापूरनं तिथं गवा बघितलेला. आमच्यातली पोरं मोबाईलवर दारिएनचे व्हिडिओ बघतात. पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये पॅन-अमेरिकन महामार्ग जिथं तुटतो, तो शंभरेक किलोमीटरचा जंगलपट्टा. २०२३ मध्ये पाच लाखांहून जास्त माणसं तिथून पायी उत्तरेकडं गेली. गुडघाभर चिखल, लुटारू, बघता बघता फुगणाऱ्या नद्या. ते बघून पोरं म्हणतात, 'डेंजर जंगल म्हणजे हे.' बरोबर आहे, आपल्याकडं लुटारू नाहीत. पण फुगणारं पाणी तिथलं आणि इथलं वेगळं नसतं.

सकाळ

ऑक्टोबरमधला रविवार. ५ ला रंकाळ्यावर जमायचं होतं, निघाले ६:२० ला, कारण एकाचा गजर वाजलाच नाही. गारगोटीत मिसळीला पाऊण तास गेला. चालायला सुरुवात झाली ९:४० ला. ठरलं होतं ८ ला. वाटेत गव्यांचा कळप आडवा आला. आमच्या म्होरक्यानं सगळ्यांना थांबवलं, आवाज बंद केला आणि कळप निघून जाईपर्यंत २५ मिनिटं तिथंच उभं केलं. हे त्यानं शंभर टक्के बरोबर केलं. नर गवा वजनानं हजार किलोच्या घरात जातो आणि पिल्लू आणि आई यांच्या मधे सापडलेल्या माणसाला तो सवलत देत नाही.

गडाच्या दरवाज्यात पोचायला १:१० झाले.

आता नियम काय होता? कुठंही असा, १ ला माघारी. पण दरवाज्यात उभं राहून रांगणाईचं दर्शन न घेता परत कोण फिरणार? म्होरक्या म्हणाला, 'अर्धा तास.' सव्वादोनला गड सोडला. या ठिकाणी त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही, मी असतो तरी बहुधा हेच केलं असतं. पण १ ही वेळ आम्ही हवेतून काढलेली नव्हती. परतीचा पाऊस घाटमाथ्यावर दुपारी तीननंतर धरतो. त्या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो आणि दाट झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच दिसेनासं होतं. सकाळी वाया गेलेला वेळ दुपारी पाऊस आणि अंधार मिळून वसूल करतात.

२:५०

उताराची वाट निसरडी होती. उद्यमनगरातला आमचा फाउंड्रीवाला, वय ४१, वजन ९२ किलो, घसरताना आधाराला झुडूप धरायला गेला आणि ओरडला. तर्जनीच्या मागं दोन ठिपके. झुडपात छातीच्या उंचीवर हिरवा साप बसलेला, चावून झाल्यावरही तिथंच, जागचा हलला नाही.

बँकेतला म्हणाला, 'हरणटोळ आहे, काही होत नाही.' हरणटोळही हिरवाच, पण तो दोरीसारखा सडपातळ आणि तोंडाकडं टोकदार. हा अंगानं जाड, डोकं रुंद तिकोनी. विषारी चापडा. पावसाळ्यात आणि त्यानंतर घाटातल्या झुडपांवर हा असा हाताच्या उंचीवर बसून राहतो. माणूस आला म्हणून पळत नाही. आमच्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी होती. तिनं लांबूनच एक फोटो काढला आणि सगळ्यांना तिथून मागं सरकवलं. त्या एका फोटोनं पुढं बरंच काम केलं.

पुढच्या वीस मिनिटांत मात्र आठ डोक्यांतून सोळा उपाय निघाले. बँकेतल्यानं दंडाला रुमाल करकचून आवळला. कुणी ब्लेड काढलं. कुणी म्हणालं, लिंबाचा पाला चावायला द्या, कडू लागला नाही तर विष चढलंय. पोरगी वयानं सगळ्यांत लहान, तिचं ऐकतो कोण? पण ती अडून बसली. ब्लेड बॅगेत परत गेलं आणि रुमाल ३:१० ला सुटला. आवळलेल्या रुमालानं विष थांबत नाही, हाताचा रक्तपुरवठा थांबतो. सुदैवानं वीसच मिनिटं झाली होती. तास-दोन तास आवळलेला असता, तर तो वाटेत सोडणंही धोक्याचं होतं, दवाखान्यातच सोडावा लागला असता.

मग तिनं अंगठी काढायला घेतली. पुष्कराजाची, लग्नापासूनची, बोटात रुतलेली. बोट आत्ताच भरून यायला लागलं होतं. उन्हाचं क्रीम चोपडून, गोल गोल फिरवत ती निघाली तेव्हा, तो सांगतो, चाव्यापेक्षा जास्त दुखलं. हाताला मोडक्या ट्रेकिंग काठीची पट्टी लावली आणि हात गमछ्यानं गळ्यात अडकवला. शेवटी तिनं बॉलपेन घेतलं आणि सूज जिथंपर्यंत आली होती तिथं मनगटाच्या खाली निळी रेघ मारून बाजूला लिहिलं: ३:१०.

आमच्यातल्या कुणालाच ती रेघ कशासाठी ते कळलं नाही.

वर रेंज होती

या प्रकरणातली सगळ्यांत महागडी चूक माझ्या मते पुढची आहे, आणि गंमत म्हणजे ती करताना कुणालाच ती चूक वाटली नाही. गडावर पाऊण तासापूर्वी तिघांनी घरी फोटो पाठवले होते. म्हणजे वर रेंज होती. चावा झाला त्या जागेपासून मागं चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागली असती. एकानं वर जाऊन १०८ आणि मला फोन केला असता, तर साडेतीनला भटवाडीतली माणसं निघाली असती आणि ओढा फुगायच्या आत अलीकडं पोचली असती. पण घाबरलेला माणूस मागं जात नाही. त्याला गाडी दिसत असते, रस्ता दिसत असतो. सगळे खाली, रानाच्या खोलग्यात निघाले, जिथं फोन म्हणजे नुसती बॅटरी.

म्होरक्यानं दोघा तरण्या पोरांना पुढं पळवलं: 'गाडी काढा, माणसं आणा.' यावर त्याचं-माझं अजून जमलेलं नाही. तो म्हणतो, दोघं पाठवले, एकटा नाही, हे नियमाला धरूनच होतं. माझं म्हणणं, त्यांच्या हातात काही लिहून दिलं नाही आणि ओढ्याला पाणी असलं तर काय करायचं, तेही सांगितलं नाही. पळायला सांगितलेली पोरं पळतात. थांबायचं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

इकडं ९२ किलोचा माणूस उचलायचा कसा? दोन बांबू आणि रेनकोट घालून डोली केली. पाचजणांनी चाळीस मिनिटांत जेमतेम तीनशे मीटर काढले, दोनदा तो खाली घसरला. मग मुलीनंच ठरवलं की चावा हाताला आहे, हात हलत नाहीये, तर त्यानं सावकाश चालावं, दर दहा मिनिटांनी बसावं. पायाला चावा असता तर हा हिशेब बदलला असता. साडेतीनला पाऊस सुरू झाला होता.

ओढा

पुढं गेलेले दोघं ४:४० ला ओढ्यावर पोचले. सकाळी घोट्याएवढं पाणी होतं, बूट काढून हसत पार केलेलं. आता मांडीपर्यंत, चहाच्या रंगाचं, आणि आतून दगड गडगडल्याचा आवाज. वाट जिथं ओढा ओलांडते तिथं पात्र अरुंद आहे. अरुंद म्हणजे चार उड्यांत पार, असं वाटतं. पण पात्र आवळलं की पाण्याचा वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. पहिला उतरला. पाठीवर सॅक, कमरेचा पट्टा आवळलेला. तिसऱ्या पावलाला पाय गेले. पंधरा-वीस मीटर खाली एका जांभळीच्या मुळीत तो अडकला, म्हणून वाचला. मनगट तिथं मोडलं. दुसऱ्यानं त्याला सॅकच्या पट्ट्याला धरून वर ओढलं.

मग दुसऱ्याच्या डोक्यात आलं की ओढ्याच्या कडेनं खाली जाऊ, पाणी वस्तीकडंच जातं. त्यानं हे कुठं ऐकलं ते मला ठाऊक आहे, कारण ती गोष्ट मीच कधीतरी शेकोटीजवळ सांगितली होती. २४ डिसेंबर १९७१ ला पेरूच्या जंगलावर विमान कोसळलं, ९२ जणांतली १७ वर्षांची युलियाना कोपके एकटी वाचली आणि झऱ्याच्या काठानं चालत अकराव्या दिवशी माणसांत आली. गोष्ट खरी आहे. पण ते ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं रान. आपल्याकडं घाटमाथ्यावर ओढ्याच्या कडेनं खाली जाणारा माणूस पुष्कळदा वस्तीवर नाही, कड्यावर पोचतो. मोडक्या हाताच्या पोरानं चालायला नकार दिला, म्हणून ते तिथंच बसले. दुखण्यानं त्यांना वाचवलं म्हणायचं.

मागचे सहाजण पावणेसहाला येऊन मिळाले. तेव्हा हातावर चार रेघा झाल्या होत्या: ३:१०, ३:४०, ४:३०, ५:३०. शेवटची कोपराच्या खाली चार बोटं. पहिल्या दोन रेघांमध्ये अंतर जास्त होतं, शेवटच्या दोनमध्ये कमी. आठजणांत दोन टॉर्च, कारण दिवसाचा ट्रेक म्हणून बाकीच्यांनी मोबाईलवर भरवसा ठेवलेला.

माझे पन्नास मिनिटं

७ वाजता फोन आला नाही. कागदावर लिहिलेलं, ७ नंतर थांबायचं नाही. मी थांबलो. वाटलं, मिसळीला बसतात तसे चहाला बसले असतील. उगाच बोभाटा झाला तर आठ घरांत रडारड. मी भाकरी खाल्ली. ७:५० ला मामांना फोन लावला. ते म्हणाले, 'गाडी हाय इथंच. माणसं न्हाईत. पाऊस लई झाला वर.' ते पन्नास मिनिटं माझ्या नावावर आहेत. त्या दिवशी त्यांनी निकाल बदलला नाही, पण तो योगायोग.

मग ११२, वनखात्याच्या ओळखीच्या वनरक्षकाला फोन, आणि मी गाडी काढली. मामा वाट बघत बसले नव्हतेच. चारजण बॅटऱ्या, दोर, कोयते आणि एक घोंगडं घेऊन ८:२० ला निघाले.

ते साडेनऊनंतर ओढ्यावर पोचले, तर पलीकडून आरडाओरडा सुरू झाला. बँकेतला ओरडत होता, दोर फेका, दोर फेका. मामांनी बॅटरी पाण्यावर धरली, काठावरच्या एका दगडाकडं बघितलं आणि ओरडून सांगितलं, 'पाणी उतारतंय. बसा खाली. इडी ओढा न्हाईतर गाणी म्हणा, पर बसा.' आणि स्वतःही समोर बसले. दीड तास. मध्ये पाणी, दोन्ही काठांना माणसं. साप चावलेला माणूस तिकडं घोंगड्याविना कुडकुडतोय आणि हे बसलेत, यावर तेव्हा आमच्यातले दोघं भयंकर चिडले होते. पाऊस थांबून तीन तास झाले होते. घाटमाथ्यावरचा ओढा जसा झटक्यात चढतो तसाच उतरतो, हे मामांना ठाऊक होतं आणि आम्हाला पुस्तकातून ठाऊक होतं.

११ ला ते शंभर पावलं वरच्या अंगाला गेले. तिथं ओढा कातळावर पसरट होतो, पाणी नडगीभर. काठी टेकत अलीकडून पलीकडं आले आणि तिघातिघांचे हात गुंफून सगळ्यांना पार केलं. सॅकचे पट्टे सोडायला लावले. दोर शेवटपर्यंत कमरेलाच राहिला.

काचेची नळी

भटवाडीत रात्री १:४० ला १०८ ची गाडी उभी होती. तालुक्याच्या रुग्णालयात पोचलो तेव्हा ३ वाजून गेले होते, म्हणजे चाव्याला बारा तास. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी आधी हात बघितला. रेघा वाचल्या, एकेक वेळ मोठ्यानं म्हणत. 'हे कुणी केलं?' पोरगी कोपऱ्यात डोळे मिटून बसली होती.

मग त्यांनी शिरेतून थोडं रक्त काढून कोरड्या काचेच्या नळीत घातलं आणि नळी स्टँडमध्ये उभी ठेवली. वीस मिनिटं हात लावायचा नाही. आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभे. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी आडवी केली. रक्त वाहिलं नाही. तळाशी गोळा होऊन बसलं होतं. 'गोठतंय,' ते म्हणाले, 'म्हणजे विषानं अजून रक्त बिघडवलेलं नाही. सहा तासांनी परत बघू.'

बँकेतल्यानं लगेच विचारलं, इंजेक्शन का देत नाही? आपल्याकडं मिळणारं सर्पविषावरचं औषध चार सापांच्या विषावर बनतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चापडा त्यात नाही. त्याच्या चाव्यावर ते भरवशाचं नाही, आणि घोड्याच्या रक्तापासून बनत असल्यामुळं काहींना त्याची जोरदार ॲलर्जी येते. समाधानासाठी टोचण्यातलं ते औषध नव्हे. फोटो होता म्हणून डॉक्टरांना नुसत्या अंदाजावर चालायची वेळ आली नाही. अर्थात फोटोसाठी सापाच्या जवळ जाऊन दुसरा चावा घेणारेही असतात. भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८,००० माणसं दगावतात, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. यातले पुष्कळ दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. घोणस असती तर आमचे बारा तास फार महाग पडले असते.

फाउंड्रीवाला तिसऱ्या दिवशी घरी आला. हात पंधरा दिवस जड होता. मनगटाचं प्लास्टर सहा आठवडे राहिलं.

त्यानंतर

दिवाळीनंतर फराळ घेऊन आम्ही भटवाडीला गेलो. मामांनी उजेडात तो कातळ दाखवला. गावातली माणसं पावसात तिथूनच जातात. आमची वाट त्याच्यापासून शंभर पावलांवर, आणि आमच्यापैकी चौघं रांगण्याला सहावेळा जाऊन आलेले. मामांनी पैसे घेतले नाहीत. चकली मात्र मऊ पडलीय म्हणाले.

ग्रुपमध्ये काही गोष्टी ठरल्या, काही नाही. प्रत्येकाकडं टॉर्च आणि शिट्टी, हे ठरलं. गावातला माणूस दरवेळी सोबत घ्यायचा का, यावर मतं फुटली. पावसाळा आणि ऑक्टोबर एवढ्यापुरतं ठरलं, बाकी लटकलंय. म्होरक्या बदलावा असं दोघं म्हणाले, मी विरोध केला. चूक केलेला म्होरक्या मला नवख्यापेक्षा परवडतो. फोन शेवटचा कुठं लागला, ती जागा आता कागदावर लिहायची आहे. तो रकाना पोरीनं सुचवला.

कागदाच्या तळाशी माझ्यासाठीही एक ओळ आली आहे, तिच्याच अक्षरात: ७:०० ला मामांना फोन. जेवणाच्या आधी.